पाऊस दरवर्षी येतो, वेळापत्रकात का येत नाही?

गणपती तोंडावर आले की मुंबई-गोवा महामार्गाच्या नावाने दरवर्षी तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, ठेकेदार चोर आणि पुढारी त्याचे भागीदार. दुसरी म्हणते, कोकणी माणूसच असा, तो जमीन सोडणार नाही, कामाला येणार नाही आणि दुसऱ्याच्या कामात मोडता घालणार. आता हा वाद महामार्गावरून खाली उतरून गावात आला आहे. कुणाची काजू फॅक्टरी दोन वर्षं रखडली, कुणाच्या होमस्टेचं बांधकाम जोत्यावर थांबलं, कुणाचं आंब्याचं कॅनिंग युनिट हंगाम सरल्यावर सुरू झालं, की लगेच निकाल लागतो: ‘कोकणात धंदा होत नाही.’ दोन्ही बाजू माणसांच्या स्वभावावर बोलतात. काम आखलं कसं होतं, हे विचारायला कुणी तयार नसतं. माझं म्हणणं असं की कोकणातली बहुतेक कामं, सरकारी असोत की घरची, पहिली कुदळ पडण्याआधीच उशिराची ठरलेली असतात. त्यांचं वेळापत्रक दुसऱ्या कुठल्यातरी प्रदेशाचं असतं. पाऊस, सातबारा, पिकाचा हंगाम आणि सण या गोष्टी त्यात शेवटी ‘अडचणी’ म्हणून येतात. खरं तर त्या पहिल्या ओळीत यायला हव्यात. निर्णय कुणी घ्यायचा, हे तर बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. हा व्यवस्थापनाचा दोष आहे आणि तो शिकून दुरुस्त करता येतो. त्यासाठी कुणाचा स्वभाव बदलण्याची वाट बघावी लागत नाही.

एक गोष्ट आधी बाजूला काढतो. नाणार आणि बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद या लेखाचा विषय नाही. तिथे प्रकल्प हवा की नको, हाच प्रश्न होता आणि तो विचारण्याचा हक्क तिथल्या लोकांचा आहे. त्या विरोधाला ‘विलंबाचं कारण’ म्हणणं चुकीचं आहे. मी बोलतो आहे ते सगळ्यांना हव्या असलेल्या कामांबद्दल. रस्ता सगळ्यांना हवा असतो, पूल हवा असतो, काजू फॅक्टरी तर मालकाला स्वतःलाच हवी असते. मग ती वेळेवर का होत नाहीत?

आधी दिवस मोजू. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, पाऊस जायला ऑक्टोबर उजाडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा या चार महिन्यांत. चिरेखाणी बंद, माती ओली, उघड्यावरचं काम थांबलेलं. ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत साधारण २२५ दिवस उरतात. त्यातून आठवड्याच्या सुट्टीचे बत्तीसेक दिवस काढा, दिवाळी काढा, शिमग्याचे आठ-दहा दिवस काढा, ग्रामदेवतेची जत्रा काढा. पावणेदोनशे दिवस हातात राहतात. त्यातही मार्चच्या मध्यापासून गावातले हात आंब्या-काजूच्या बागेत असतात आणि बाहेरून आलेले कामगार होळीला घरी गेले की कधी परततील याची खात्री नसते. पुण्यात बसून ‘बारा महिन्यांत काम पूर्ण’ असं लिहिणारा माणूस ३०० दिवस धरून चाललेला असतो. म्हणजे करारावर सही होते त्याच दिवशी काम चार महिने मागे पडलेलं असतं. हे कळायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं? भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

यावर कुणी म्हणेल की निसर्गापुढे कुणाचं चालतं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. कुठल्या आराखड्यात हे बसणार होतं? हा मुद्दा खरा आहे. वादळाची तारीख कुणी सांगू शकत नाही, त्यासाठी विमा आणि थोडी शिल्लक रक्कम एवढंच हातात असतं. पण मृगाचा पाऊस हे वादळ नव्हे. तो दरवर्षी येतो, थोडा पुढे-मागे. जे दरवर्षी घडतं त्याला आकस्मिक म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. आणि कोकणी माणसाला हे कळत नाही असं कुणी म्हणू नये. आगोटीच्या आधी घर शाकारणं, लाकूडफाटा पडवीत रचणं, सुकट-मसाले भरून ठेवणं, मांगराला (शेतघराला) झड म्हणजे पावसाचा आडोसा लावणं, ही सगळी कामं प्रत्येक घर मे अखेरची तारीख धरून उलट मोजत करतं. तीच माणसं कर्ज काढून धंद्याला उतरली की उलट मोजायचं विसरतात, कारण बँकेचा नमुना, सल्लागाराचा प्रकल्प अहवाल आणि यंत्र विकणाऱ्याचं कोटेशन हे तिन्ही कागद सुलट मोजलेले असतात.

उलट मोजणी म्हणजे काय, हे काजूवरच बघू. दिवसाला २०० किलो बी फोडणारं छोटं युनिट घ्या. काजू बी बाजारात येते मार्च ते मे. वर्षभराचा कच्चा माल याच अडीच-तीन महिन्यांत विकत घ्यावा लागतो, म्हणजे फेब्रुवारी अखेर यंत्रांची चाचणी पूर्ण हवी. चाचणीला थ्री फेज वीज हवी. जवळच्या डीपीवर भार शिल्लक नसेल तर महावितरणकडे अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, पैसे भरणं, खांब आणि नवा ट्रान्सफॉर्मर हा सगळा प्रवास काही महिन्यांचा. यंत्रं ॲडव्हान्स दिल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी येतात, बसवायला आणखी एक-दोन आठवडे, आणि त्याआधी खालची फरशी पक्की आणि कोरडी हवी. म्हणजे शेड जानेवारी अखेर उभी. म्हणजे जोतं डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे खोदाई ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. म्हणजे बँकेची मंजुरी, बिनशेती, ग्रामपंचायतीची परवानगी हे सप्टेंबरपर्यंत. म्हणजे सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमतीपत्रं जूनपर्यंत. एका मार्चची खरेदी साधायची तर आदल्या वर्षीच्या एप्रिलात कागदाला हात घालावा लागतो.

प्रत्यक्षात काय होतं? डिसेंबरात प्रदर्शनात यंत्र बघून टोकन दिलं जातं. जानेवारीत कर्ज मंजूर, फेब्रुवारीत खोदाई, मे महिन्यात पत्रे, आणि वीज जुलैत. हंगाम गेलेला असतो. कोरी यंत्रं खाऱ्या दमट हवेत गंज धरतात, हप्ते सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत संपत येते आणि मालक व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने बी घेऊन फॅक्टरी चालू केल्याचं दाखवतो. लोक म्हणतात, महावितरणने उशीर केला. महावितरणचा उशीर खरा असेलही, पण अर्ज शेड उभी राहिल्यावर गेला होता हे कुणी बघत नाही. भिंतीचं काम मागे पडलं तर दोन गवंडी वाढवून ते भरून काढता येतं. विजेचं काम पैसे ओतूनही आठ दिवसांत होत नाही. कामांच्या ज्या साखळीत एक दिवस गेला की सगळा प्रकल्प एक दिवस पुढे जातो, तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने रासायनिक कारखान्यांची उभारणी आणि देखभाल आखताना ही पद्धत बसवली. कोकणातल्या छोट्या युनिटची ही साखळी जवळपास नेहमी संमतीपत्रं, वीज आणि खळं यांतून जाते. चिरा आणि सिमेंट यांना त्यात दुय्यम जागा असते. मालकाचं लक्ष मात्र सगळं चिऱ्यावर, कारण चिरा डोळ्यांना दिसतो.

खळं म्हटलं ते जाणूनबुजून. काजूच्या प्रक्रियेत बी आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी लागते, मग पोत्यात भरून लाकडी फळ्यांवर थप्पी. बीतला ओलावा आठ-नऊ टक्क्यांच्या वर राहिला तर पावसाळ्यात गोदामात बुरशी धरते. वाफवणं, रात्रभर थंड करणं, फोडणं, ६५ ते ७० अंशांवर सहा-आठ तास ड्रायरमध्ये ठेवणं, साल काढणं, प्रतवारी, हे सगळं नंतर पावसातही चालतं. वाळवणं चालत नाही. म्हणून सिमेंटचं साधं खळं आणि ओल न धरणारं गोदाम ही यंत्रांच्या आधीची कामं आहेत. दिवसाला २०० किलो धरून २५० दिवसांना ५० टन बी लागते, ८० किलोच्या पोत्यांनी ६२५ पोती. ती कुठे राहणार, हा प्रश्न प्रकल्प अहवालात एका ओळीत उरकलेला असतो. आणि पैशाचं काय? भाव किलोला १२० रुपये धरला तर ही खरेदी ६० लाखांची झाली, तीही तीन महिन्यांच्या आत, बहुतेक रोखीने. साधारण चार किलो बीतून एक किलो गर पडतो आणि तो विकला जातो वर्षभर. शेड आणि यंत्रांना कर्ज मिळतं, उद्घाटनाचा फोटो निघतो, आणि खेळतं भांडवल नाही म्हणून युनिट वर्षातले चार महिने चालतं. केंद्र सरकारच्या २०२० पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. योजना चांगली आहे. पण ते अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं, बँकेत वेगळं राहतं आणि कर्ज नियमित फेडलं तर तीन वर्षांनी वळतं होतं. ते हातातला पैसा म्हणून धरणाऱ्याचं गणित पहिल्याच हंगामात कोसळतं.

सातबाऱ्याचा मुद्दा मी हलका करणार नाही. कोकणात एका गुंठ्याच्या तुकड्यावर पंधरा-वीस नावं असतात, निम्मी मुंबईत, काही मयत आणि वारस तपास झालेला नाही, कुळाची नोंद अजून तशीच. एका सहहिस्सेदाराने सही अडवली तर जगातलं कुठलंही व्यवस्थापन त्याच्या हातात पेन देऊ शकत नाही. विरोधी बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. पण त्यातून निघतं काय? ही अडचण पहिल्या दिवशी माहीत असते, उताऱ्यावर छापलेली असते. मग ती पहिलं काम का होत नाही? वारस नोंदीचा अर्ज, नोटिशीचा पंधरा दिवसांचा काळ, हरकत आली तर सुनावणी, फेरफार मंजुरी, हे सगळं यंत्राला टोकन देण्याआधी व्हायला हवं. मुंबईकर भाऊबंद गावात एकत्र भेटतात ते गणपतीला आणि मे महिन्यात. सह्यांचं काम त्या दोन खिडक्यांतच होतं, हे धरून चालावं. मे महिन्यात अमुक तारखेपर्यंत सह्या आल्या नाहीत तर ही जागा सोडायची आणि दुसऱ्याच्या स्वच्छ सातबाऱ्याची जागा नोंदणीकृत भाडेपट्ट्याने घ्यायची, असा पर्याय आधीच लिहून ठेवला तर भावकीच्या वादात वर्षं जात नाहीत. ‘होतला’ (होईल) म्हणून टोकन देणं हा आशावाद कर्जदाराला परवडत नाही.

कोकण रेल्वेचं उदाहरण इथे सगळेच देतात, बहुधा अभिमानापुरतं. ते जरा नीट बघायला हवं. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले, आणि रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतची सुमारे ७४० किलोमीटरची लाइन २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली. ९१ बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, आणि चाळीस हजारांहून अधिक जमीनमालक. हे जमीनमालक कोण होते? तेच, ज्यांच्या स्वभावावर आज खापर फुटतं. सरकारकडे भूसंपादनाचा कायदा होता, छोट्या उद्योजकाकडे नसतो, हे मान्य. पण कायदा महामार्गाकडेही आहे. आणि कोकण रेल्वे ठरल्या दिवशी झाली असंही नाही. पाच वर्षांचं काम सात वर्षांच्या वर गेलं, गोव्यात मार्गावरून आंदोलन झालं, पेडणे आणि जुने गोवेच्या बोगद्यांत ओली भुसभुशीत माती लागली आणि खोदाई पुन:पुन्हा बसली. तरी तो प्रकल्प फसला नाही, कारण तो १९९३ पासून टप्प्याटप्प्याने वापरात येत गेला. जो तुकडा झाला त्यावर गाडी धावली. अडलेल्या बोगद्याने बाकीची लाइन अडवली नाही. महामार्गावर आपण काय बघतो? दहा ठिकाणी उकरलेलं, आणि प्रत्येक अर्धवट पट्ट्यावर वळण.

त्याच रेल्वेने पावसाबाबत मोठी किंमत मोजून धडा घेतला. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये रायगड जिल्ह्यात आंबवलीजवळ दरडीने अपघात झाले, माणसं गेली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले गेले, जाळ्या बसल्या, गस्त वाढली, आणि पावसाळ्यात गाड्यांचं वेगळं, कमी वेगाचं वेळापत्रक दरवर्षी लागू होतं. गाडी उशिरा पोचते अशी तक्रार त्यावर कुणी करत नाही, कारण तो वेळ आधीच सांगितलेला असतो. पाऊस वेळापत्रकात घेणं म्हणजे हेच. आणि न घेणं काय असतं, ते दाभोळला दिसलं. तिथलं एलएनजीचं (द्रवरूप नैसर्गिक वायूचं) टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं, पण समुद्रातला लाटारोधक बांध अपुरा होता, म्हणून पुढे बरीच वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागू शकत नव्हतं. हजारो कोटींची गुंतवणूक आणि वर्षातले चार महिने धक्का रिकामा. अरबी समुद्र जूनमध्ये खवळतो हे दाभोळच्या कुठल्याही कोळ्याने सांगितलं असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा तर सरकारचाच नियम आहे.

आता ठेकेदार चोर या बाजूकडे. भ्रष्टाचार नाही असं मी म्हणणार नाही, तो आहे आणि त्याने रस्त्याची जाडी कमी होते, पुलाचं आयुष्य कमी होतं. पण केवळ भ्रष्टाचारानेच उशीर होत असता तर स्वतःच्या पैशाने स्वतःचं होमस्टे बांधणारा का अडकतो? तिथे कोण कुणाला खातं? आणि दुसरं असं की काम किती आणि कुठवर हे ज्या करारात मोघम असतं, त्याच करारात खाण्याला जागा असते. ‘जादा बाब’ या नावाखाली जे बिल वाढतं, ते आधी न लिहिलेल्या कामाचं असतं. व्याप्ती घट्ट लिहिणं हा व्यवस्थापनाचा पहिला नियम आहे आणि भ्रष्टाचाराविरुद्धचं पहिलं कुंपणही तेच आहे. जे फक्त चोराच्या नावाने शंख करतात त्यांनी निविदेतलं कामाचं वर्णन कधी वाचलं आहे का?

व्याप्तीचा घोळ घरच्या कामात सगळ्यात जास्त होतो. तारकर्लीला किंवा गुहागरला चार खोल्यांचं होमस्टे चौरस फुटाच्या दराने दिलं जातं, तोंडी. शौचालयाच्या टाइल्स सात फुटांपर्यंत की छतापर्यंत? सेप्टिक टँक दरात आहे की वेगळा? विहिरीपासून टाकीपर्यंतची पाइपलाइन कुणाची? खिडक्यांना ग्रिल? भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंगचे किती हात? यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मध्येच मुंबईहून आलेला भाऊ सांगतो, वर आणखी एक खोली काढूया. कॉलमचं लोखंड एका मजल्याचं पडलेलं असतं. मग वाद, काम बंद, गवंडी दुसऱ्या साइटवर, आणि तो परत येतो दिवाळीनंतर. इथे म्हणतात की आमच्याकडे सगळं शब्दावर चालतं, कागद काढला की माणूस दुखावतो. यातही तथ्य आहे. गावात विश्वास हेच भांडवल असतं, आणि वकिली करार घेऊन गवंड्यासमोर बसलात तर तो येणारच नाही. पण लिहिणं म्हणजे वकिली करार नव्हे. शंभर पानी वहीत एका पानावर काय करायचं आणि काय करायचं नाही एवढं दोघांनी मिळून लिहावं. पुढे बदल झाला की त्याच वहीत तारीख, बदल काय, किती दिवस वाढले, किती रुपये वाढले, आणि दोघांच्या सह्या. काम किती झालं की किती हप्ता, हेही तिथेच. जोतं भरून दाबून झालं की एक हप्ता, स्लॅब पडून पाणी मारण्याचे चौदा दिवस पूर्ण झाले की पुढचा. स्लॅब पडल्याच्या दिवशी हप्ता दिला की पाणी मारायला कुणी येत नाही, हे प्रत्येक बांधकामवाल्याला माहीत आहे. शब्दावर चालणारं नातं टिकवायचं असेल तर शब्द नेमका काय दिला होता, हे दोघांच्याही स्मरणावर सोडून चालत नाही.

निर्णय कुणाचा, हे कोकणातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं दुखणं आहे. मालक तिघे भाऊ, दोन मुंबईला, एक गावात. गावातल्याने साइटवर उभं राहायचं, पण खिडकीचं माप बदलायचं तर ‘दादाला विचारून सांगतो’. दादा ऑफिसात. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, तोवर गवंड्याचे चार खाडे. अशा चार-पाच प्रश्नांत एक महिना जातो आणि तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही. उपाय साधा आहे: साइटवर एकच माणूस, आणि ठरावीक रकमेपर्यंत, समजा दहा हजारांपर्यंत, त्याचा शब्द अंतिम. त्याच्या वरचं एका ठरलेल्या वेळी, चोवीस तासांत. सरकारी कामात हेच दुखणं खात्याखात्यांत विभागलेलं असतं. रस्ता एकाचा, झाडं वनखात्याची, पाइपलाइन ग्रामपंचायतीची, विजेचे खांब महावितरणचे, आणि या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

अधिकार आणि पुरवठा यांची जबाबदारी एका माणसावर पक्की करणं ही आपल्याकडे परकी कल्पना नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीसमोर पद्मदुर्ग उभा राहत होता तेव्हा आरमाराच्या दर्यासारंग आणि दौलतखान यांना ठरलेला पैसा आणि धान्य वेळेवर पोचलं नाही. शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला जे खरमरीत पत्र लिहिलं, ते आजच्या प्रत्येक प्रकल्प अधिकाऱ्याने वाचावं. त्यात समुद्राला दोष नाही, कारागिरांच्या स्वभावाची चर्चा नाही. रसद पोचवायची जबाबदारी तुझी होती, ती न पोचल्याने आरमार खोळंबलं, याचा जाब आहे. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा मुहूर्त झाला तोही १६६४ च्या नोव्हेंबरात, पाऊस सरून समुद्र निवळल्यावर. पुढची तीनेक वर्षं तिथे दगड, चुना आणि शिसं होडीने वाहिलं गेलं, आणि ती वाहतूक ज्या महिन्यांत होऊ शकते त्या महिन्यांतच काम चढत गेलं असणार.

महाडच्या सावित्री पुलाचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, ती आणीबाणी होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या आणि कितीतरी माणसं गेली. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. साऱ्या देशाचं लक्ष होतं, पैसा अडला नाही, हे खरं. पण पैसा आणि लक्ष यांनी काँक्रीट लवकर घट्ट होत नाही. तिथे काम नेमकं एवढंच होतं: हा पूल, या जागी. अंतिम तारीख पावसाने ठरवली होती आणि ती कुणी बदलू शकत नव्हतं. काम पाऊस सरल्यावर सुरू झालं आणि मृगाआधी संपलं. तीच नदी, तोच जिल्हा, तेच खातं, तीच माणसं. स्वभावाचा सिद्धांत इथे कुठे गेला? बंद व्याप्ती, एक जबाबदार, पावसाआधीची तारीख, या तिन्ही गोष्टींना आणीबाणी लागते का?

बिलं थकण्याचा मुद्दा मात्र असा सहज निकालात निघत नाही. सरकारी ठेकेदाराचं बिल सहा-सहा महिने अडकतं, तो मजुरांना पैसे देऊ शकत नाही, मशिनरी दुसरीकडे नेतो. उत्तम आराखडा केला तरी पैसा न आल्यावर त्याचं काय करायचं? माझं उत्तर अर्धंच आहे, पण ते महत्त्वाचं आहे: जिथे पैसा अनिश्चित, तिथे काम कुठे थांबवता येईल हे आधी ठरवायला हवं. प्रत्येक कामात सुरक्षित थांबे असतात. पाया खोदून जोत्यापर्यंत बांधून माती भरून दाबली, हा थांबा. खोदलेला उघडा पाया हा थांबा नाही, त्यात जूनमध्ये तळं होतं आणि कडा ढासळतात. डोंगर कापला, पायऱ्या काढल्या, संरक्षक भिंत आणि वरचं गटार झालं, हा थांबा. नुसता कापलेला डोंगर हा धोका आहे. परशुराम घाटात उभ्या कापलेल्या डोंगराची माती पावसात रस्त्यावर आली आणि घाट बंद ठेवावा लागला, ते याच कारणाने. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक साइटवर एकच प्रश्न विचारावा: ३१ मेपर्यंत पुढच्या थांब्याला पोचतो का? पोचत नसू तर नवं काही उघडायचं नाही, उघडलेलं बंद करायचं. हे धैर्य फार कमी जणांत दिसतं, कारण मे महिन्यात चालू असलेलं काम बघायला बरं वाटतं.

मेमध्येच सगळीकडे उकरलेलं का असतं, याचंही कारण स्वभावात नाही. जिल्हा योजनेचा निधी वर्षभर कागदावर फिरतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मान्यता आणि निविदांची घाई होते. कार्यारंभ आदेश हातात पडतो एप्रिलमध्ये, आणि पावसाला सहा आठवडे उरलेले असतात. आर्थिक वर्ष बदलणं कुठल्या जिल्हाधिकाऱ्याच्या हातात नाही. पण मोजमापं, आराखडे, तांत्रिक मान्यता, निविदा, जागेची संमती, विजेचे खांब हलवण्याचा अंदाज, ही सगळी टेबलावरची कामं आहेत आणि टेबलावर पाऊस पडत नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने कागदाचे धरले आणि कार्यारंभ आदेश दसऱ्याच्या सुमारास दिला, तर ठेकेदाराला पूर्ण कोरडा हंगाम मिळतो आणि मार्चपर्यंत बिलंही नियमाने निघू शकतात. साइटवरच्या फलकावर कामाची किंमत आणि ठेकेदाराचं नाव लिहिण्याची पद्धत आहेच. त्याखाली आणखी दोन ओळी याव्यात: यंदा ३१ मेपर्यंत काम कोणत्या थांब्यावर आलेलं असेल, आणि ते आलं नाही तर जाब कोणत्या अधिकाऱ्याला विचारायचा. या दोन ओळींसाठी ग्रामसभेत ठराव करता येतो, आणि गणपतीत महामार्गावर अडकून रागावणाऱ्या प्रत्येक गावाने तो यंदाच करावा.